अंडं, गाभा आणि व्हायवा

— तृतीय वर्ष, मेटलर्जी; मुलींचे वसतिगृह

आपल्या मेसच्या फळ्यावर बुधवारी रात्रीच्या मेनूत नुसतं 'अंडा' लिहिलेलं असतं. करी का भुर्जी, ते मेसवाल्या काकांनाही शेवटच्या क्षणापर्यंत माहीत नसतं. तरी आपल्याला बरोबर कळतं. दुपारी पेपर मिळाल्यावर हिंदीवाला मित्र 'अंडा मिला यार' म्हणतो, तेव्हाही कळतं, आणि त्याला भुर्जी मिळाली असं कुणालाच वाटत नाही. पेपरात 'आरोपीला आर्थर रोडच्या अंडा सेलमध्ये हलवले' अशी बातमी येते, तेव्हा तिथे कोंबड्या नाहीत हेही आपल्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. तुरुंगातला तो भाग अंड्याच्या आकाराचा, म्हणून अंडा सेल. विषय संपला.

शून्याची तर मजाच आहे. हिंदीत शून्य म्हणजे अंडा. मराठीत भोपळा. आणि क्रिकेटमध्ये बॅट्समन शून्यावर आऊट झाला की इंग्रजीत 'डक', जे मुळात 'डक्स एग', म्हणजे चक्क बदकाचं अंडं! शून्याचा तो गोल बघून ज्याला आपल्या घरातली जी गोल वस्तू आठवली ती त्याने चिकटवून दिली. आपल्याला भोपळा आठवला. आपण तो 'फोडतो' सुद्धा.

तर मित्रांनो, एकाच शब्दाचे पाच-पाच अर्थ आपण रोज काही गडबड न होऊ देता वापरतो. मग लॅबमध्ये शिरल्यावर काय होतं? तिथे प्रत्येक शब्द आभाळातून पडल्यासारखा येतो. त्याला एकच अर्थ, तोही डेफिनेशनच्या चौकटीत, आणि तो जसाच्या तसा ओकला तर मार्क. माझं स्पष्ट मत आहे की शब्दाला अनेक अर्थ असणं ही अडचण नाहीच. तो शब्द आधी कुणाच्या घरी काय काम करत होता हे आपल्यापासून लपवून ठेवलं जातं, ही अडचण आहे. आणि तिची किंमत काही जण जास्त मोजतात, काही कमी. त्यासाठी मी दोन शब्द घेतलेत, एक मेसमधला आणि एक लॅबमधला. अंडं आणि न्यूक्लियस.

आधी अंडं. आपल्याला वाटतं इंग्रजीचं बरं, सगळीकडे एकच शब्द. पण 'एग' हा इंग्लंडचा मूळ शब्दच नाही, तो उत्तरेकडून आलेल्या नॉर्स लोकांचा. जुना इंग्रजी शब्द वेगळा होता आणि त्याचं अनेकवचन 'आयरेन'. कॅक्सटन नावाचा इंग्लंडचा पहिला मुद्रक, त्याने १४९० साली छापलेल्या एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत किस्सा दिलाय. थेम्स नदीतून निघालेले व्यापारी वारा पडल्यामुळे वाटेत अडकले आणि खायला काही मिळतं का बघायला किनाऱ्यावर उतरले. एकाने एका बाईकडे 'एग्ज' मागितली. बाई म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. तो भडकला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हतं! शेवटी दुसऱ्याने 'आयरेन' मागितली तेव्हा कुठे बाईला कळलं. आणि कॅक्सटन डोक्याला हात लावून विचारतो की आता मी छापू तरी काय? आपल्याकडे मोहम्मद अली रोडला 'बैदा', गोव्यात कोकणीत 'तांतीं' आणि घरी 'अंडं' अशी स्थिती आहे म्हणून लाज वाटायचं काहीच कारण नाही. साहेबही यातूनच गेलाय.

आपलं 'अंड' तर आणखी पसरलेलं. ब्रह्मांड म्हणजे ब्रह्माचं अंडं. छांदोग्य उपनिषदात अशा अंड्याची कल्पना आहे. ते फुटून दोन कवचं झाली, चांदीचं कवच म्हणजे पृथ्वी आणि सोन्याचं म्हणजे आकाश. आता इथे हमखास कुणीतरी उठून म्हणतं की बघा, बिग बँग आपल्याकडे आधीच होता. १९३१ साली लमेत्र या बेल्जियन शास्त्रज्ञाने विश्व एका 'आदि-अणू'तून निघाल्याची कल्पना मांडली, आणि तिलाही लोक 'कॉस्मिक एग' म्हणायला लागले हे खरं. पण त्यावरून दोन्ही एकच आहेत असं ठरत नाही. एक कल्पना सुंदर आहे, दुसरी मोजमापाने तपासता येते. शब्द जुळला म्हणून समीकरण जुळत नाही. (माझ्याशी यावर वाद घालायचा असेल तर रात्री साडेनऊनंतर कॅन्टीनमध्ये भेटा.)

आणि 'द्विज'. दोनदा जन्मलेला तो द्विज. पक्षी द्विज, कारण एकदा अंडं जन्मतं आणि मग त्यातून पिल्लू. दात द्विज, कारण दुधाचे पडून पुन्हा येतात. आणि मुंज झालेला मनुष्यही द्विज. चिमणी, दाढ आणि भटजी एका शब्दात! हा शब्द ज्याने वाढवला त्याला विनोदबुद्धी नक्की होती, फक्त पुढे लोकांनी त्यातला एकच अर्थ पकडून ठेवला आणि त्यावरून कोण वर नि कोण खाली हे ठरवलं. एकच अर्थ पकडला की काय होतं त्याचं हे जुनं उदाहरण.

नवं उदाहरण ताटातलं आहे. अंडं शाकाहारी की मांसाहारी? बाजारातल्या अंड्यात बहुतेक वेळा पिल्लू होण्याची शक्यताच नसते, कारण पोल्ट्रीत कोंबड्यांबरोबर कोंबडाच नसतो. तरी अन्नाच्या लेबलच्या नियमांत अंडं मांसाहारात मोडतं आणि दूध मात्र वगळलेलं आहे. ठीक, कायद्याला कुठेतरी रेघ मारावी लागते. पण महाराष्ट्रात नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेतल्या पोषण आहारात आठवड्यातून एक अंडं सुरू झालं, त्यावर वाद झाला, आणि जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्यासाठीचा वेगळा निधी थांबवला. त्या सगळ्या वादात एका बाजूला अंडं म्हणजे 'प्रोटीन' होतं आणि दुसऱ्या बाजूला 'मांसाहार'. ज्यांना खायचं नव्हतं त्यांना केळं मिळतच होतं. कोणाचा अर्थ जिंकला यावर तिसरीतल्या मुलाच्या ताटात काय पडणार ते ठरलं. शब्दांच्या अर्थाला काय एवढं महत्त्व द्यायचं, असं म्हणणाऱ्यांनी हे जरा लक्षात घ्यावं.

आता दुसरा शब्द. मी बालवाडीपासून कॉन्व्हेंटची. वर्गात मराठी बोललं की दंड असायचा. 'न्यूक्लियस'चं अनेकवचन 'न्यूक्लियाय' हे आम्ही सातवीत फाडफाड सांगत होतो. स्पेलिंग चुकलं तर अर्धा मार्क जायचा. पण या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थ 'कवचाच्या आतला गर, छोटी बी' असा आहे हे एकाही टीचरने सांगितलं नाही. 'नक्स' म्हणजे कठीण कवचाचं फळ, अक्रोडासारखं. ते फोडल्यावर आत जे मिळतं ते न्यूक्लियस. बस, एवढंच! पुण्यातल्या सुकामेव्याच्या दुकानात 'अक्रोड मगज' म्हणून जे मिळतं ते.

१८३१ साली रॉबर्ट ब्राऊनला (हाच तो ब्राऊनियन मोशनवाला) ऑर्किडच्या पेशीपेशीत एक गोल ठिपका दिसला. तो आधीही काहींनी पाहिला होता, पण त्याला 'न्यूक्लियस' हे नाव ब्राऊनने दिलं. तिकडे मँचेस्टरला १९०९ मध्ये गायगर आणि मार्सडेन यांनी सोन्याच्या पत्र्यावर अल्फा कण सोडले आणि त्यातले अगदी थोडे उलटे फिरून परत आले. रदरफोर्डने १९११ मध्ये त्याचा अर्थ लावला, पण त्या पेपरात तो 'मध्यवर्ती प्रभार' असंच म्हणतो. 'न्यूक्लियस' हा शब्द त्याने पुढच्या वर्षी वापरला. म्हणजे पेशीतल्या आणि अणूतल्या न्यूक्लियसचं आपसात काहीही नातं नाही. एकात डीएनए, दुसऱ्यात प्रोटॉन-न्यूट्रॉन. धूमकेतूलाही न्यूक्लियस असतो, काही किलोमीटरचा धुळकट बर्फाचा गोळा. तिघांनाही तेच नाव, कारण नाव ठेवणाऱ्या प्रत्येकाला अक्रोड आठवला. कॉम्प्युटरवाल्यांनी तर अजून सोपं केलं. लिनक्सचा 'कर्नल' ऐकून मला आधी मिलिटरीतला वाटायचा, पण तो शब्दही 'दाणा' याच अर्थाचा.

आपण या अक्रोडाचं 'केंद्रक' केलं. आणि 'केंद्र' हा शब्द संस्कृतने ग्रीकांकडून घेतलाय, 'केंट्रॉन'वरून! ज्योतिषाबरोबर तो आपल्याकडे आला आणि कुंडलीच्या केंद्रस्थानात जाऊन बसला. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ अणकुचीदार टोक, बैलाला टोचायची आर. त्यावरून कंपासच्या टोकाने कागदावर पडलेलं भोक. ड्रॉइंगच्या शीटवर वर्तुळ काढताना जे बारीक छिद्र पडतं ना, तेच खरं केंद्र. तेव्हा 'शुद्ध मराठी शब्दच हवा' म्हणून जे 'केंद्रक'साठी भांडतात त्यांना माझा साष्टांग नमस्कार. तो अर्धा ग्रीक आहे. चांगला शब्द आहे, ठेवूया, पण शुद्धतेचं राहू दे.

शेजारच्या खोलीतल्या पाटण्याच्या मुलीशी आमचा एकदा अर्धा तास वाद झाला, कारण ती हिंदीत शिकलेली. तिच्यासाठी 'अणु' म्हणजे मॉलिक्यूल आणि ॲटम म्हणजे 'परमाणु'. आमच्या मराठी मीडियमच्या मुलींसाठी 'अणू' म्हणजे ॲटम आणि मॉलिक्यूल म्हणजे 'रेणू'. दोघी बरोबर! म्हणून त्यांची परमाणु ऊर्जा आणि आपली अणुऊर्जा एकच. आणि 'न्यूक्लिअर फॅमिली'? इंग्रजीत ती कुटुंबाचा गर आहे, आतला मुख्य भाग. मराठीत तेच घर 'विभक्त कुटुंब', म्हणजे तुटून बाहेर पडलेलं. आई, बाबा आणि दोन मुलं तीच. इंग्रजी त्यांच्याकडे मधून बघते आणि मराठी आजीच्या ओसरीवरून.

कधी शब्दाच्या एका अर्थाची भीती दुसऱ्या अर्थाला खाऊन टाकते. आज आपण ज्याला एमआरआय म्हणतो, त्याच्या जुन्या नावात 'न्यूक्लिअर' होतं. तो न्यूक्लियस आपल्याच शरीरातल्या हायड्रोजनचा, त्यात किरणोत्सर्गाचा काही संबंध नाही. पण पेशंटला 'न्यूक्लिअर' म्हटल्यावर हिरोशिमाच आठवणार, म्हणून तो शब्द गाळला. मशीन तेच.

हे सगळं गंमत म्हणून ठीक आहे. आता जरा गंमत नसलेलं.

फर्स्ट इयरला आमच्या बॅचच्या एका ओरलला माझ्यानंतर जिचा नंबर होता ती जत तालुक्यातून आलेली, दहावीपर्यंत जिल्हा परिषद आणि मराठी मीडियम. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी न्यूक्लियस म्हणजे काय विचारलं. तिने आधी इंग्रजीत सुरुवात केली, मग अडखळली, आणि म्हणाली, 'सर, अणूचा गाभा.' सर हसले. 'हे काय देऊळ आहे का?' मागचे दोघे-तिघेही हसले. पुढच्या तीन प्रश्नांना ती काही बोललीच नाही. तिला पंचवीसपैकी नऊ मार्क मिळाले. मी त्याच प्रश्नाला पुस्तकातली ओळ म्हणून दाखवली आणि मला एकोणीस.

आता बघा हं. 'गाभा' हा 'गर्भ'पासून आलाय. गाभारा, गाभण गाय, हे सगळे त्याच घरचे. देवळाचा गाभारा आठवा. बाहेर एवढं मोठं आवार, मंडप, शिखर, आणि आत छोट्याशा अंधाऱ्या जागेत मूर्ती. सगळं देऊळ त्या एवढ्याशा गोष्टीसाठी. अणूसाठी याहून चांगली उपमा काय देणार? आणि दिली आहेच की! इंग्रजी पुस्तकांत अणुकेंद्राला 'कॅथीड्रलमधली माशी' म्हणतात. आमच्या शाळेला लागून चर्च होतं, त्यामुळे मला ती लगेच पटली. म्हणजे कॅथीड्रल म्हटलं की ते सायन्स, आणि गाभारा म्हटलं की हसायचं?

एक मात्र मान्य करायला हवं. गाभ्याची उपमाही पूर्ण नाही. केळीचा गाभा मऊ असतो, तर अणूचं जवळजवळ सगळं वस्तुमान त्याच्या केंद्रात ठासून भरलेलं असतं. शिवाय गाभारा देवळाच्या मानाने फारच मोठा. हायड्रोजनचं केंद्र मोहरीएवढं धरलं तर अणू शंभर मीटरच्या वर जातो, म्हणजे आपल्या ग्राउंडच्या मधोमध एक मोहरी आणि बाकी मोकळं. पण हेच तर विचारायला हवं होतं! 'गाभा म्हणतेस, बरं, मग तो मऊ का कठीण? केवढा?' तिने नक्की सांगितलं असतं, कारण तिच्या डोक्यात चित्र होतं. ओळ पाठ असलेल्या माझ्यासारख्यांना उलट अवघड गेलं असतं.

चित्र फसवतंही, हे खरं. आणि त्याचं सर्वात मोठं उदाहरण अंड्याचंच आहे. शाळेत पेशी शिकवताना सर्रास हाफ फ्रायचं चित्र काढतात. मधला पिवळा गोल म्हणजे न्यूक्लियस, भोवतालचं पांढरं म्हणजे सायटोप्लाझम. दिसायला झकास, पण साफ चूक. कोंबडीच्या अंडाशयातून सुटतो तो अख्खा पिवळा बलक हीच एक पेशी. तिचं केंद्रक बलकावरच्या एका बारीक पांढुरक्या ठिपक्यात असतं. तो ठिपका दोन-तीन मिलिमीटरचा. पुढच्या वेळी कच्चं अंडं हळूच फोडून बघा, दिसतो. पांढरं आणि कवच हे पेशीचे भागच नाहीत, ते नंतर वाटेत चढवलेलं पॅकिंग. त्याला साधारण एक दिवस लागतो. म्हणजे बाजारातून डझनभर अंडी आणली की आपण डझनभर राक्षसी पेशी पिशवीतून आणलेल्या असतात. हे मला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात असताना एका व्हेटर्नरीवाल्या भावाने सांगितलं. दहा वर्षं सायन्स शिकून!

मुलींच्या होस्टेलमधल्या वाचकांना पुढचं लगेच कळेल. मुलांनीही वाचावं. 'ओव्हरी' हा शब्द आम्ही मोठ्याने बोलू शकतो. 'अंडाशय' म्हणताना आवाज आपोआप खाली येतो. कारण 'अंड'चे इतर अर्थ शिव्यांमध्ये जाऊन बसलेत आणि दहावीत तो धडा आला की मागच्या बाकावरून खिदळणं सुरू व्हायचं. परिणाम काय? आमच्या विंगमधल्या एकीची पाळी तीन महिने आली नव्हती. सोनोग्राफी झाली, रिपोर्टमध्ये 'पॉलिसिस्टिक'. तिने फोनवर आईला सांगितलं, 'ओव्हरीमध्ये सिस्ट आहेत.' आईने शेजारच्या शिकलेल्या बाईंना विचारलं, त्यांनी सिस्ट म्हणजे गाठ असं सांगितलं. आणि मराठीत गाठ म्हणजे एकच आठवतं. आई रात्रीच्या एसटीने बीडहून रडत रडत सकाळी गेटवर हजर.

मग दवाखान्यातल्या सिस्टरने त्यांना खुर्चीवर बसवून दोन मिनिटांत सांगितलं. 'मावशी, गाठ-बिठ काही नाही. बाईच्या अंडाशयात बारीक पिशव्या असतात, एकेकीत एक अंडं. दर महिन्याला एक पिकून सुटतं. हिची अर्धवट वाढून थांबतात, सुटत नाहीत. म्हणून पाळी चुकते. औषध आहे, फिरायला जायचं, वजन सांभाळायचं.' आई म्हणाली, 'असं होय!' घरी कोंबड्या पाळणारी बाई, तिला काय कळायचं राहिलं? आणि शास्त्रानेही बघितलं तर 'सिस्ट' हा रिपोर्टमधला शब्दच दिशाभूल करणारा आहे. ते खरोखर अर्धवट वाढून थांबलेले फॉलिकल्स असतात. सिस्टरचा शब्द रिपोर्टपेक्षा अचूक होता. जी मुलगी थर्मोडायनॅमिक्समध्ये वर्गात पहिली आली होती, तिच्याकडे आईला सांगायला तो नव्हता.

या 'अंड्या'ला बाईच्या बाबतीत मान्यता मिळायलाही फार वेळ लागला. सस्तन प्राण्याचं अंडं प्रत्यक्ष पहिल्यांदा पाहिलं ते फॉन बेअरने, १८२७ साली, कुत्रीचं. १८७६ मध्ये हर्टविगने समुद्री अर्चिनच्या अंड्यात दोन केंद्रकं, एक आईकडचं आणि एक बापाकडचं, एकत्र येताना पाहिली. तोपर्यंत जगभर असाच समज जोरात होता की बी पुरुषाचं आणि बाई म्हणजे नुसती जमीन. मनुस्मृतीतही स्त्रीला क्षेत्र आणि पुरुषाला बीज म्हटलंय. मराठीत आपण आज 'स्त्रीबीज' म्हणतो. हा शब्द ज्याने रूढ केला त्याने नकळत की मुद्दाम, पण हिशोब बरोबर केला. बी दोघांचंही. उलट जमिनीचं काम बाई वरून करते ते वेगळंच. आणि मुलगा झाला नाही म्हणून अजूनही बाईलाच बोल लावणाऱ्यांना यातलं काहीच माहीत नसतं.

अंडं आणि न्यूक्लियस हे दोन शब्द एकदम वापरल्याशिवाय सांगताच येणार नाही अशी गोष्ट म्हणजे डॉली मेंढी, जन्म ५ जुलै १९९६. एका मेंढीचं अंडं घेतलं आणि त्यातलं केंद्रक काढून टाकलं. दुसरीच्या कासेतल्या पेशीचं केंद्रक त्यात बसवलं. तिसरीच्या पोटात वाढवलं. आता डॉलीची आई कोण? मराठीत 'आई' या शब्दाचेही अर्थ वाढवावे लागणार असं दिसतंय.

आता थोडं माझ्या ब्रँचचं, नाहीतर आमचे एचओडी विचारतील मेटलर्जी कुठे आहे. वितळलेला धातू थंड होताना आधी इथेतिथे घन कणांची बारीक बीजं पडतात, त्याला न्यूक्लिएशन म्हणतात. बीज फार लहान असेल तर पुन्हा विरघळतं, ठरावीक आकाराच्या पुढे गेलं तर वाढतं. पटकन थंड केलं की खूप बीजं आणि बारीक दाणा. सावकाश थंड केलं की कमी बीजं आणि मोठा दाणा. थर्ड सेममध्ये हे वाचताना मला आजीचं तूप आठवलं. कढवलेलं तूप ती ओट्यावर सावकाश निवू द्यायची, हलवू द्यायची नाही. मग ते 'रवाळ' व्हायचं. फ्रिजमध्ये ठेवलं की नुसतं घट्ट, दाणा नाही. 'ग्रेन साइज'ला मराठीत शब्द शोधायला समिती कशाला, रवाळ आहे की! खडीसाखरेतला दोराही तेच काम करतो, बीज पडायला जागा देतो.

२०२१ मध्ये एआयसीटीईने मराठीसह आठ भारतीय भाषांमधून इंजिनिअरिंग शिकवायला परवानगी दिली. तेव्हापासून आपल्या होस्टेलवर दोन पार्ट्या आहेत. एक म्हणते, मराठीत शिकून प्लेसमेंट कोण देणार? दुसरी म्हणते, जपान-जर्मनी बघा. मला दोघींचंही अर्धंच पटतं. नोकरी इंग्रजीतच मिळणार, त्यामुळे 'न्यूक्लियस' हा शब्द यायलाच हवा, स्पेलिंगसकट. पण मराठी पुस्तकात 'केंद्रकीभवन' छापून कुणाचंही भलं होणार नाही, जोवर त्याच्या शेजारी तूप आणि खडीसाखर येत नाही. एक अवघड लॅटिन शब्द काढून एक अवघड संस्कृत शब्द बसवला तर जतच्या मुलीला काय फरक पडला? तिने 'गाभा' म्हटल्यावर परत हसतीलच, फक्त या वेळी शुद्ध मराठीत.

स्टाफपैकी जे हे वाचत असतील त्यांना नम्र विनंती. ओरलला पहिला प्रश्न डेफिनेशनचा विचारू नका. 'आत काय असतं, तुझ्या शब्दांत सांग' असं विचारा, मग हवं तर इंग्रजी शब्द विचारा आणि तो नाही आला तर मार्क कापा. आणि लॅब मॅन्युअलच्या पहिल्या पानावर त्या प्रयोगातल्या चार-पाच शब्दांचा मूळ अर्थ एकेका ओळीत छापा. शासनाच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेत, विश्वकोश आहे. सुरुवात करायला भरपूर मटेरियल आहे.

आम्ही मुलींनी आपल्या परीने सुरू केलंय. होस्टेलच्या नोटीस बोर्डाशेजारी एक चार्ट पेपर लावलाय. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे ज्याला जो घरचा शब्द आठवेल तो. आजपर्यंत सतरा शब्द झालेत. 'न्यूक्लियस'समोर पाच वेगवेगळ्या अक्षरांत लिहिलंय: गाभा, गर, मगज, आठळी, बलक. यातल्या 'बलक'वर कुणीतरी लाल पेनाने काट मारून शेजारी एक हाफ फ्राय काढलाय, आणि पिवळ्यावर बाण करून लिहिलंय, 'ही अख्खी पेशी आहे. ठिपका बघा.' अक्षर जतच्या मुलीचं वाटतं.